केमिस्ट्रीची साखळी: कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत जाताना

फेब्रुवारी २०२२ ची गोष्ट. मुलाचा कराटेचा क्लास चालू होता आणि मी बाहेर पार्किंगमध्ये गाडीतच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले, फोनचा हॉटस्पॉट लावून. मी तेव्हा कम्युनिटी कॉलेजात शिकत होते, म्हणजे डिग्रीची पहिली दोन वर्षं जिथे स्वस्तात होतात ते सरकारी कॉलेज, तिथून पुढच्या दोन वर्षांसाठी युनिव्हर्सिटीत जायचं, त्यालाच ट्रान्सफर म्हणतात. असिस्ट डॉट ऑर्ग ही साइट त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. कॅलिफोर्नियातल्या सगळ्या सरकारी कॉलेजांची ही अधिकृत साइट आहे, तुमचं कम्युनिटी कॉलेज निवडायचं, पुढची युनिव्हर्सिटी निवडायची, मेजर म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय निवडायचा, की एक तक्ता येतो. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात तुमच्या कॉलेजचा कुठला कोर्स चालतो ते. मी डावीकडे जनरल केमिस्ट्री शोधली, उजवीकडे बघितलं, आणि आदल्या सेमिस्टरला मी मुलं झोपल्यावर जागून जागून जी केमिस्ट्री केली होती, जिच्यात मला ए मिळाला होता, तिचा नंबर त्या तक्त्यात नव्हताच. वाटलं चुकीचा मेजर उघडला असेल. परत बघितलं. डेव्हिस, सांताक्रूझ, सॅन होजे स्टेट, तिन्ही युनिव्हर्सिट्यांकडे तेच.

तो कोर्स नर्सिंगकडे जाणाऱ्यांसाठीचा होता. एका सेमिस्टरमध्ये जनरल, ऑरगॅनिक, बायोकेम सगळ्याची तोंडओळख. त्याचे युनिट, म्हणजे कोर्सचे क्रेडिट, वाया जात नाहीत, इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून धरतात, पण सायन्सच्या मेजरला जी केमिस्ट्री लागते तिच्या जागी तो चालत नाही. काउन्सेलरने मला विचारलेलं काय व्हायचंय, मी म्हणलं मेडिकल लॅबमध्ये काम करायचंय, मेडिकल शब्द ऐकून त्यांनी हेल्थ सायन्सचा कोर्स सुचवला आणि मी मान डोलावली. वीस मिनिटांची झूमवरची अपॉइंटमेंट, आणि काय विचारायचं असतं हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. तरी आजही वाटतं की समोरच्या माणसाने एकदा तरी विचारायला हवं होतं, डिग्री कुठली आणि कुठल्या युनिव्हर्सिटीची. त्या एका प्रश्नाने माझं वर्ष वाचलं असतं. सेमिस्टर नाही, अख्खं वर्ष, कसं ते पुढे सांगते.

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तासगावला छोटी लॅब होती. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेले, एसटी स्टँडजवळ एक खोली, एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायची. रक्ताचा थेंब काचपट्टीच्या एका टोकाला ठेवायचा, दुसरी काचपट्टी तिरपी धरून थेंबाला टेकवायची, रक्त तिच्या कडेने पसरलं की एका दमात पुढे सरकवायची, हात मध्येच थांबला तर स्मियर गेला. चांगल्या स्मियरचं टोक जिभेसारखं पातळ होत जातं. आप्पा वाळलेली स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून बघायचे आणि मगच लेशमनचं स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचा रंग, ओतायचे. मला ते काम यायला हवं असं तेव्हापासून वाटायचं. २००५ ला बारावी सायन्स झाले, एफवायबीएस्सी झालं, एसवायच्या मध्येच लग्न ठरलं आणि २००७ ला मी सॅन होजेला आले.

त्यानंतरची चौदा वर्षं मी समजत होते की एच-४ वर (नवरा नोकरीच्या व्हिसावर असला की बायकोला मिळतो तो व्हिसा) शिकता येत नाही, किंवा शिकायचं तर इंटरनॅशनल स्टुडंटची फी भरावी लागते. दोन्ही चूक. एच-४ वर कॉलेजात शिकता येतं, त्यासाठी एफ-१ (विद्यार्थ्याचा व्हिसा) करून घ्यावा लागत नाही. आणि कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे, इथेच राहायचा विचार असल्याचे कागद दाखवले (टॅक्स, लायसन्स, भाडेकरार असलं) तर एच-४ वाल्यालाही इथल्या रहिवाशाची फी लागते. एफ-१ वर आलेल्याला ती मिळत नाही, एच-४ ला मिळते, हा फरक कितीतरी जणींना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. मला हे कळलं तेव्हा ग्रीन कार्ड दारात आलेलं होतं. मध्ये गेलेल्या वर्षांचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं, आणि माझ्यासारखी दुसरी कुणी या गैरसमजात बसलेली दिसली की जीव तुटतो.

फी किती, तर युनिटला ४६ डॉलर. २०१२ पासून हाच आकडा आहे. जनरल केमिस्ट्रीचा कोर्स पाच युनिटचा, म्हणजे २३० डॉलर. बॅचलरची पहिली दोन वर्षं म्हणजे साधारण ६० युनिट, त्याचे २,७६० डॉलर होतात, वर पुस्तकं आणि किरकोळ फी. उत्पन्न कमी असेल तर ही फीसुद्धा माफ होते, त्याचा वेगळा फॉर्म असतो. पुस्तकांचं म्हणाल तर कोर्सच्या यादीत ज्याच्यापुढे पुस्तकाचा खर्च शून्य अशी खूण असते ते आधी बघा, माझी जवळजवळ निम्मी केमिस्ट्री लिबरटेक्स्ट्सवर फुकट वाचून झाली, यूसी डेव्हिसमधूनच सुरू झालेलं काम आहे ते आणि फार चांगलं आहे.

ही सगळी व्यवस्था कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमधून आलीय. वरच्या थरात यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस आणि सांताक्रूझ तिचेच कॅम्पस), मग कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, सॅन होजे स्टेट त्यातलीच), आणि खाली कम्युनिटी कॉलेजं, जिथे कुणालाही प्रवेश, आणि तिथून वर चढून जायची वाट. मला हे वाचून बरं वाटलेलं. आपल्याकडे एकदा गाडी सुटली की सुटली, ३३ वर्षांच्या बाईला एफवायला परत कोण बसवून घेतं? इथे वर्गात माझ्या शेजारी एकीकडे १८ वर्षांचा मुलगा आणि दुसरीकडे आर्मीतून परत आलेला चाळिशीचा माणूस.

आता साखळीचं. सायन्सच्या ट्रान्सफरमध्ये कोर्सची यादी असते असं आपल्याला वाटतं, की एवढे पंधरा-वीस कोर्स, जमतील तसे उरकायचे. तसं नाहीये. जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसरा झाल्याशिवाय ऑरगॅनिकचा पहिला नाही, तो झाल्याशिवाय ऑरगॅनिकचा दुसरा नाही. चार सेमिस्टर, एकामागे एक, त्यात घाई करता येत नाही. मेजरवाल्या बायॉलॉजीचा पहिला कोर्ससुद्धा आमच्याकडे जनरल केमिस्ट्रीच्या पहिल्या भागानंतरच मिळतो. फिजिक्सच्या आधी मॅथ. आणि घोडं अडतं ते इथे, की छोट्या कॉलेजात ऑरगॅनिकचा पहिला भाग फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबर) असतो आणि दुसरा फक्त स्प्रिंगमध्ये (जानेवारी ते मे). म्हणजे फॉलची गाडी चुकली की पुढची गाडी पुढच्या ऑगस्टला. म्हणून माझी एक सेमिस्टरची चूक एक वर्षाला पडली. इंग्लिश, हिस्टरी, सोशिऑलॉजी कधीही कुठेही घालता येतात, उन्हाळ्यात सहा आठवड्यांत होतात, ऑनलाइन होतात. केमिस्ट्री नाही होत.

आणि बहुतेक लोक उलटं करतात. मला पण हाच सल्ला मिळालेला, आधी सोपे जनरल एज्युकेशनचे, म्हणजे इंग्लिश-हिस्टरीसारखे सगळ्यांनाच लागणारे कोर्स उरका, सवय होऊ दे, मग सायन्स घ्या. सायन्सवाल्यासाठी याच्याइतका वाईट सल्ला नाही. पहिल्या वर्षी सगळे हलके विषय संपवले की शेवटच्या दोन वर्षांत एकाच सेमिस्टरला ऑरगॅनिक, फिजिक्स आणि बायॉलॉजी, तीन तीन लॅब, जोडीला हलकं काहीच उरत नाही. माझ्या लॅब पार्टनरचं तसंच झालं, बिचारी मार्चमध्ये दोन विषय सोडून मोकळी झाली. केमिस्ट्री पहिल्या दिवसापासून धरा आणि प्रत्येक लॅबच्या शेजारी एक हलका विषय ठेवा.

त्या पार्किंगमधल्या दिवशी घरी आल्यावर मी मुलीच्या ड्रॉइंगच्या वहीतला मोठा कागद घेतला आणि उलट्या बाजूने लिहायला लागले. सगळ्यात उजवीकडे ट्रान्सफर, फॉल २०२५. त्याच्या आदल्या फॉलमध्ये अर्ज. अर्जाच्या वेळी ऑरगॅनिक संपलेलं पाहिजे, म्हणजे ते स्प्रिंग २०२४ पर्यंत, म्हणजे ऑरगॅनिकचा पहिला भाग फॉल २०२३, म्हणजे जनरल केमिस्ट्री २०२२ चा फॉल आणि २०२३ चा स्प्रिंग. असं करत करत डावीकडे आजच्या तारखेला आले तेव्हा कळलं की मला हातात फक्त सहा महिने आहेत आणि जनरल केमिस्ट्रीला बसायची परवानगीच नाहीये, कारण त्याच्या आधी इंट्रोडक्टरी केमिस्ट्री लागते. भारतातली बारावीची केमिस्ट्री धरत नाहीत. पण एक डायग्नोस्टिक टेस्ट असते, ती पास झालं की इंट्रो माफ. भावाला सांगून माळ्यावरची बारावीची पुस्तकं शोधायला लावली, त्याने मोल कन्सेप्ट आणि स्टॉइकिओमेट्रीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, दोन महिने तेच केलं आणि टेस्ट निघाली. तो कागद मग तीन वर्षं आमच्या फ्रिजवर होता, वरणाचे डाग पडलेला.

मॅथ आणि इंग्लिशचं आता सोपं झालंय, २०१७ च्या एबी ७०५ कायद्यामुळे प्लेसमेंट टेस्टच्या नावाखाली दोन-दोन वर्षं खालच्या वर्गात बसवून ठेवत नाहीत, थेट ट्रान्सफर लेव्हलला घालतात. मी प्रीकॅल्क्युलसपासून सुरू केलं. कॅल्क्युलसला मला बी मिळाला, त्याच्यावर फार काही लिहिण्यासारखं नाही.

एफवायच्या मार्कांचं मात्र लिहायला पाहिजे. मला एफवायला सेकंड क्लास होता, तोही जेमतेम. ओळखीतल्या एका काकूंनी प्रेमाने सांगितलं, अगं कशाला सांगतेस ते, कुणाला कळणारे? असं अजिबात करू नका. यूसी असो की कॅल स्टेट, अर्जात स्पष्ट लिहिलेलं असतं की बारावीनंतर जिथे जिथे नाव घातलं ते सगळं कळवायचं, परदेशातलंही, अर्धवट सोडलेलंही. लपवलं आणि उघड झालं तर मिळालेली अॅडमिशन रद्द होते. दादा कोल्हापूरला शिवाजी युनिव्हर्सिटीत दोनदा जाऊन आला, माझा ऑथॉरिटी लेटर, जुना पीआरएन (रजिस्ट्रेशन नंबर), फीची पावती, आणि सीलबंद ट्रान्सस्क्रिप्ट कुरिअरने आलं. इथे त्याचं कोर्सवार इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागलं, त्याचे वेगळे पैसे. त्यातून मला मेजरसाठी काहीच मिळालं नाही, पण जे होतं ते कागदावर मांडून मोकळी झाले, आणि नंतर अर्ज भरताना मनावर कसलं ओझं नव्हतं.

जनरल केमिस्ट्रीची पहिली टायट्रेशनची लॅब मला आयुष्यभर लक्षात राहील. सोळा-सतरा वर्षांनी हातात ब्युरेट. अकरावी-बारावीला आम्ही पोटॅशियम परमँगनेट करायचो, त्यात इंडिकेटर लागत नाही, त्याचा स्वतःचाच रंग, रंग नसलेलं द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं, आणि रीडिंग जर्नलमध्ये. इथे सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलीन. सर म्हणाले गडद गुलाबी म्हणजे तुम्ही पुढे गेलात, फिका, इतका फिका की खाली पांढरा कागद ठेवल्याशिवाय दिसू नये, आणि तो तीस सेकंद टिकला पाहिजे. मी कॉक इतका हळू फिरवत होते की थेंब टोकाला अर्धा लोंबकळायचा, मग तो वॉश बॉटलच्या पाण्याने फ्लास्कच्या कडेवरून आत ढकलायचा. अर्धा थेंब. एक बारीक गुलाबी रेषा आली, फिरली, गेली. परत अर्धा. आणि मग पूर्ण फ्लास्क एकदम पाकळीसारखा झाला आणि तसाच राहिला. माझे हात विसरले नव्हते. मी रेस्टरूममध्ये जाऊन पाच मिनिटं रडले, आनंदाने, आणि परत येऊन दुसरी ट्रायल लावली.

वेळेचं सांगते कारण सगळ्या जणी तेच विचारतात. पाच युनिटची केमिस्ट्री म्हणजे आठवड्याला तीन तास लेक्चर आणि तीन-तीन तासांच्या दोन लॅब, वर घरचा अभ्यास वेगळा. मी एका सेमिस्टरला नऊ-दहा युनिटच्या वर कधी गेले नाही. नवऱ्याने मंगळवार-गुरुवार घरून काम मागून घेतलं, त्या दोन दिवशी डबे, शाळा, आंघोळी सगळं त्याच्याकडे. सासूबाई एक वर्षी सहा महिने येऊन राहिल्या, त्या ऑरगॅनिकच्या पहिल्या भागाच्या सेमिस्टरला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दोन वर्षांत ट्रान्सफर असं सगळीकडे छापलेलं असतं, सायन्सच्या मुलांना, ज्यांना घर नाही संसार नाही, त्यांनाही तीन लागताना मी बघितलंय. तीन लागले तर लागले, आधीच तसं मांडून ठेवलं की मन खचत नाही.

सीट मिळणं ही आणखी एक लढाई. लॅबमध्ये चोवीस जागा असतात आणि रजिस्ट्रेशनची तारीख सगळ्यांची वेगळी. ओरिएंटेशन आणि पूर्ण एज्युकेशन प्लॅन सिस्टिममध्ये जमा केलेला असेल तर तारीख आधीची मिळते, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. नाही मिळाली तर वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं, पहिल्या आठवड्यात दोन-तीन जण हमखास गळतात आणि प्रोफेसर अॅड कोड देतात. जे घरी बसून ईमेलची वाट बघतात त्यांना मिळत नाही.

डिग्रीचं पण एक गोंधळाचं प्रकरण आहे. यूसीला तुमच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीशी काही घेणंदेणं नसतं, त्यांना ६० सेमिस्टर युनिट (क्वार्टरवाल्यांना ९०), सात ठराविक कोर्सचा पॅटर्न आणि मेजरची तयारी पाहिजे. सात म्हणजे दोन इंग्लिश, एक मॅथ, आणि उरलेले चार किमान दोन वेगवेगळ्या शाखांतले. कॅल स्टेटचं वेगळं, तिथे २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट डिग्री आली, बायॉलॉजीत ती एएस-टी, ती घेतली की कॅल स्टेटच्या सिस्टिममध्ये कुठेतरी जागा पक्की, आणि पुढे ६० युनिटमध्ये बॅचलर. कुठल्या कॅम्पसला ते मात्र पक्कं नाही. मला दोन्ही दारं उघडी ठेवायची होती म्हणून मी एएस-टी पण पूर्ण केली. तेव्हा जनरल एज्युकेशनचा पॅटर्न आयगेट्सी होता, २०२५ च्या फॉलपासून नवीन लोकांना कॅल-गेट्सी लागतो, जुने प्लॅन कुणाचे बघून कॉपी करू नका.

कॅल स्टेटला तोंडी भाषणाचा कोर्स लागतोच. मला त्याची सगळ्यात जास्त भीती होती, माझं इंग्लिश मराठी मीडियमचं. माहिती देणारं पाच मिनिटांचं भाषण करायचं होतं, मी बेदाण्यावर केलं. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्याने सालीवरचा मेणासारखा थर सुटतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं, मग शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात, म्हणून आमचा तासगावचा बेदाणा हिरवट-पिवळा राहतो, आणि फ्रेस्नोकडे उन्हात कागदावर वाळवतात म्हणून तो काळा होतो. पोरं ऐकत होती. एकाचं घरचं शेत फ्रेस्नोजवळच होतं, त्याने नंतर दहा मिनिटं प्रश्न विचारले. त्या दिवसानंतर बोलायची भीती गेली.

युनिट मोजताना क्वार्टर आणि सेमिस्टरची गल्लत करू नका. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. डेव्हिस, सांताक्रूझ क्वार्टरवर चालतात, बर्कली सेमिस्टरवर. डी अँझा, फूटहिल ही आमच्याकडची मोठी कॉलेजं क्वार्टरची. म्हणून जनरल केमिस्ट्री किंवा ऑरगॅनिक एका कॉलेजात अर्धं आणि दुसऱ्या कॉलेजात अर्धं असं करू नका, जिथे सुरू केलं तिथेच शेवटपर्यंत न्या. दोन सेमिस्टर मिळून तीन क्वार्टरच्या बरोबर धरतात, तुकडे केले की मधलंच काहीतरी कमी पडतं आणि ते परत करावं लागतं. आणि सी किंवा त्याच्या वरचा ग्रेड आला की तो कोर्स ग्रेड वाढवायला परत घेता येत नाही, त्यामुळे गळ्याशी आलं असेल तर ड्रॉपची, म्हणजे कोर्स सोडायची, शेवटची तारीख डोळ्यासमोर ठेवून विचार करा.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये टॅग भरला. टॅग म्हणजे यूसीच्या सहा कॅम्पसना (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांताक्रूझ) कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी असलेली प्रवेशाची हमी, ठरलेले कोर्स आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) असेल तर जागा पक्की. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला नाही. एकाच कॅम्पसला भरता येतो आणि फक्त सप्टेंबरचे तीस दिवस. मी सांताक्रूझला भरला. तो भरला म्हणजे तिथेच जावं लागतं असं नाही, त्यामुळे अट बसत असेल तर तो न भरण्यात काहीच अर्थ नाही. यूसीचा मुख्य अर्ज वेगळा, तो नोव्हेंबर अखेरीपर्यंत, आणि लोक टॅग भरून मुख्य अर्ज विसरतात. मुख्य अर्जात चार छोटे निबंध, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत, त्यातला एक ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचा, मेजरसाठी काय तयारी केली. मी पहिल्यांदा लहानपणापासून विज्ञानाची आवड वगैरे लिहिलेलं. कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमधल्या एका बाईंनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, फ्रिजवरच्या कागदाचं लिही. तेच लिहिलं, कुठला कोर्स चुकला, कसा शोधला, काय दुरुस्त केलं. जानेवारी अखेरीपर्यंत फॉलचे ग्रेड अपडेट करावे लागतात, ते पण विसरू नका.

सॅन होजे स्टेटचं आधी आलं, मग सांताक्रूझ, एप्रिलमध्ये डेव्हिस. तिन्ही हो. आप्पांना फोन केला तेव्हा तासगावात पहाट होती, आई म्हणाली ते फिरायला गेलेत, आणि दहा मिनिटांनी त्यांचा फोन, धापा टाकत, कुणीतरी रस्त्यात गाठून सांगितलं त्यांना.

डेव्हिसला मन फार ओढत होतं. फ्रीमाँटहून कॅपिटल कॉरिडॉर ट्रेन थेट डेव्हिसला जाते, पण ते दोन तास, घरून स्टेशनपर्यंतचे वेगळे, आणि परत यायचे तेवढेच. सांताक्रूझला डिरिडॉन स्टेशनवरून हायवे १७ ची बस आहे, मी आणि नवरा एका शुक्रवारी ती करून बघितली, घाटातली वळणं, खाली उतरल्यावर कॅम्पसला दुसरी बस, परत येईपर्यंत मुलगा आफ्टरकेअरमधला शेवटचा उरलेला. आणि फी. यूसीची ट्यूशन तेव्हा वर्षाला चौदा-पंधरा हजार डॉलरच्या घरात होती, कॅल स्टेटची निम्म्याच्या आसपास. मला जे व्हायचंय, क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट, त्याचं कॅलिफोर्नियाचं लायसन्स डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीची हे बघत नाही, कोर्स बघतं. केमिस्ट्रीचे १६ सेमिस्टर युनिट, बायॉलॉजीचे १८, फिजिक्सचे ३ आणि त्यात प्रकाश आणि वीज हे विषय असलेच पाहिजेत, मग एक वर्षाचं ट्रेनिंग. सॅन होजे स्टेटचा स्वतःचा असा ट्रेनिंग प्रोग्रॅम आहे. तीन रात्री झोप नव्हती, चौथ्या दिवशी सॅन होजे स्टेटला हो म्हणलं. माझ्या ओळखीत काहींना ते अजून पटलेलं नाही, यूसी सोडून कुणी कॅल स्टेटला जातं का म्हणतात. मी जाते, लाइट रेलने, आणि तीन वाजता शाळेच्या गेटवर असते.

माझे केमिस्ट्रीचे २० युनिट कम्युनिटी कॉलेजातच झालेत, पण लायसन्सच्या यादीत बायोकेमिस्ट्री आणि क्लिनिकल किंवा अॅनालिटिकल केमिस्ट्री नावाने मागतात, ते आता करायचेत. हिमॅटॉलॉजी (रक्ताचा अभ्यास), इम्युनॉलॉजी पुढच्या वर्षी. हा फॉल मायक्रोबायॉलॉजीचा होता. दुसऱ्याच आठवड्यात ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची पद्धत, क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन, आणि सगळी गोम अल्कोहोल किती सेकंद ठेवायचं त्यात. मी मायक्रोस्कोपच्या आयपीसला फोन लावून फोटो काढला आणि आप्पांना पाठवला. त्यांनी मोठा करून बघितला असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला. म्हणाले, रंग छान आलाय, पण डावीकडच्या कोपऱ्यात थर जाड झालाय, पुढच्या वेळी थेंब अजून लहान घे. मग विचारलं, तिकडे लेशमन वापरतात का अजून? मी म्हणलं इथे राइट स्टेन वापरतात आप्पा, हिमॅटॉलॉजीला पोचले की तुम्हाला दाखवते.